चालकाने डावीकडून उतरावे

वस्तू बिघडली की बहुतेक माणसं वैतागतात. आमचे साडूभाऊ खुलतात. पेन्शन सुरू झाल्यापासून तर त्यांना घरातली एकही वस्तू धडधाकट बघवत नाही. मिक्सर, गिझर, शेजाऱ्यांची बेल अशी चढती भाजणी झाल्यावर पाळी आली गाडीच्या दाराची.

ड्रायव्हरच्या बाजूचं बाहेरचं हँडल जरा ढिलं पडलं होतं. दोनदा ओढलं की दार उघडायचं. म्हणजे उघडत होतं, हे इथेच नोंदवून ठेवतो. पुढचं वाचल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. गॅरेजवाल्याने ‘आख्खं लॉकच बदलावं लागेल’ म्हणत जी रक्कम सांगितली ती ऐकून साडूभाऊ म्हणाले, “एवढ्यात मी लॉकचा कारखाना काढीन.” मग मोबाइलवर एक व्हिडिओ लावून ते रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुने पेपर अंथरून बसले. व्हिडिओतला माणूस परदेशी, गाडी भलतीच, आणि मुख्य म्हणजे तिचं स्टिअरिंग डावीकडे. “काही नाही हो, आरशात बघितल्यासारखं करायचं,” साडूभाऊ म्हणाले. दुपारी जेवायच्या आत दाराचं आतलं पॅड परत बसलं, स्क्रू आवळले गेले आणि वाटीत मूठभर प्लास्टिकच्या क्लिपा उरल्या. ‘हे लोक उगाच जास्तीच्या घालतात’ असा निकाल देऊन त्यांनी त्या सुपारीच्या डबीत जपून ठेवल्या.

मग दार लावलं. लागलं. इतकं उत्तम लागलं की त्यानंतर ते कुणालाच उघडेना. बाहेरून नाही, आतून नाही, किल्लीनेही नाही.

पुढच्या शनिवारी आम्हाला त्याच गाडीने पुण्याहून केळशीला जायचं होतं. सासूबाईंच्या मामेभावाची पंचाहत्तरी होती, आणि जुलैचा पाऊस ऐन भरात होता.

“अहो, दुसरी गाडी करू या,” ताई म्हणाल्या. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंची धर्मपत्नी.

“का? इंजिन ठणठणीत, टायर नवे, ब्रेक कडक. चारपैकी तीन दारं उघडतात. पंचाहत्तर टक्के! आमच्या वेळी याला डिस्टिंक्शन म्हणत.”

तर या डिस्टिंक्शनच्या गाडीत चालकाने बसण्याचा विधी असा. आधी पुढच्या सीटवरचा माणूस, म्हणजे मी, खाली उभा राहणार. साडूभाऊ डाव्या दाराने आत शिरून माझ्या जागेवर टेकणार. मग उजवा पाय उचलून गिअरच्या दांड्यावरून पलीकडे, एक हात स्टिअरिंगला, दुसरा सीटच्या पाठीला, आणि ‘हं’ असा आवाज काढून देहाचा मध्यभाग हवेत. इथपर्यंत ठीक. पुढे हँडब्रेक लागतो. गाडी उभी असल्याने तो वर ओढलेला असतो, आणि साडूभाऊंचा मध्यभाग त्याच्यावरून जाताना दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागते. त्या झटापटीत कोपर हॉर्नवर पडायचं. सोसायटीचा वॉचमन धावत आला, त्याने सगळा प्रकार पाहिला आणि काही न बोलता गेट उघडलं.

हा छळ नव्या गाड्यांचा. आपली पद्मिनी किंवा जुनी अँबॅसिडर यांत पुढे अखंड सीट असायची आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. या दारातून बसून घसरत त्या दाराने उतरावं, मधे काही आड येत नसे. त्यांची दारंही माणसाळलेली होती. ती लावताना टॅक्सीवाला हटकून ‘हळू लावा’ म्हणायचा, आणि हळू लावलं की ती लागायची नाहीत. त्याही आधीच्या डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे तर उलट्या बाजूने उघडायचे. बायकांना नऊवारी सावरत उतरायला ते फार सोयीचं पडे, असं सासूबाई सांगतात. धावत्या गाडीत असं दार उघडलं तर वारा ते मिटण्याऐवजी आणखी फाकवतो, हा त्यातला तोटा. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर घसरत उतरण्याची कलाही.

पौड रस्त्याला लागल्यावर साडूभाऊंनी उजवीकडच्या टेकडीकडे बोट केलं. वर एआरएआय आहे. देशातल्या गाड्यांची कसून परीक्षा घेणारी ही संस्था १९६६ पासून चालू आहे. “तिथे दाराचं लॉकसुद्धा ताणून बघतात,” ते अभिमानाने म्हणाले. ते खरं आहे. जगभरच्या नियमांत दाराचं लॉक दोन टप्प्यांत लागावं असा दंडक आहे. खांबावर यू आकाराची जाड कडी असते. दार लावलं की दारातला फिरता पंजा तिला पकडतो आणि एक छोटा खटका त्या पंजाला मागे फिरू देत नाही. दार अर्धवट लागलं तरी पंजा पहिल्या खाचेत अडकतो, म्हणजे माणूस बाहेर फेकला जात नाही. पूर्ण लागलेल्या लॉकने ११,००० न्यूटन, म्हणजे ढोबळ हिशोबाने ११०० किलोंचा ताण सोसला पाहिजे. पहिल्या खाचेने त्याच्या निम्म्याहून थोडा कमी.

“आपलं लॉक किती सोसेल?” मी विचारलं.

“आपलं? हत्ती लावा!”

याबद्दल मला शंका नव्हती. ते सगळ्या मानकांच्या पुढे गेलं होतं. मानकांत फक्त कधीतरी ते उघडावंही, अशी एक क्षुल्लक अट असते.

चांदणी चौकात शिरताना नेहमीप्रमाणे आम्ही एक चुकीचा रॅम्प पकडला. २०२२ मध्ये तिथला जुना पूल स्फोटाने पाडला आणि पुढच्या वर्षी नवे पूल, नवे रॅम्प असा पसारा उभा राहिला. तेव्हापासून तिथे आत जायला सगळ्यांना जमतं; बाहेर कुठून पडायचं ते फलक वाचून ठरवेपर्यंत फलक मागे गेलेला असतो. साडूभाऊंच्या गाडीसाठी याहून योग्य चौक पुण्यात नाही.

भूगावच्या खड्ड्यांत खरा प्रकार सुरू झाला. पहिल्या खड्ड्याला चारी दारांतून ‘खटाक’ आवाज आला. दुसऱ्याला ‘खटाक-खटाक’. मग खड्डा नसतानाही. चारी लॉक एकदम लागायची, क्षणभर विचार करायची आणि एकदम उघडायची.

“कोण आहे?” मागून सासूबाई दचकून म्हणाल्या. त्यांची रामरक्षा नागमोडी रस्त्यांसाठी राखून ठेवलेली असते. ती भूगावातच सुरू झाली.

यात भूतबाधा काही नव्हती. सेंट्रल लॉकिंगमध्ये ड्रायव्हरचं दार हे मुख्य दार. बाकीच्या दारांतल्या मोटरींना सहसा दोन वायरी असतात. या दाराच्या मोटरीला पाच. जास्तीच्या वायरी आतल्या डबीला कळवतात, लॉक लागलं की उघडलं. मोटरीचा दांडा पुरता शेवटपर्यंत पोचला नाही तर डबीला दोन्ही निरोप जातात आणि ती बिचारी दोन्ही पाळत बसते. साडूभाऊंनी दांडा ‘साधारण अंदाजाने’ बसवला होता. मोठा साहेब मिनिटाला मत बदलतो तेव्हा खालच्या खात्यांचं जे होतं, ते आमच्या मागच्या दारांचं होत होतं. शिवाय दार उघडंच आहे अशी गाडीची पक्की समजूत असल्याने आतला दिवा विझत नव्हता. साडूभाऊंनी त्याचा बल्ब काढून खिशात टाकला. “एक प्रॉब्लेम सुटला,” ते म्हणाले.

मुळशीच्या अलीकडे पोलिसांचा बंदोबस्त होता. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत काहीतरी उसळत असतं. ते बाटलीत आहे की माणसात, एवढं बघायला हवालदार उभे असतात. आमच्या गाडीला हात झाला. साडूभाऊंनी काच खाली केली. काच चालू होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

“लायसन्स.”

दिलं.

“खाली उतरा.”

“उतरता येत नाही.”

हवालदारांनी काचेतून तोंड आत घातलं आणि दीर्घ श्वास घेतला. “किती घेतलीय?”

“अहो, काही घेतलेली नाही. दार उघडत नाही.”

हवालदारांनी बाहेरून हँडल ओढलं. ते अलगद वर आलं आणि अलगद खाली गेलं. आतल्या कुणाशीही त्याचं बोलणं राहिलेलं नव्हतं. पुन्हा ओढलं. मग त्यांनी मागे वळून हाक दिली, “ते फुंकायचं मशीन आण रे!”

“साहेब, मी डावीकडून उतरतो,” साडूभाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, “चला, उतरा.”

छत्री डिकीत होती. मी पावसात उतरून दार धरून उभा राहिलो. आतून ‘हं’ झालं, हॉर्न वाजला, पाय गिअरमध्ये अडकला, सुटला, हँडब्रेकशी जुना हिशोब झाला आणि साडूभाऊ पाठमोरे, टप्प्याटप्प्याने गाडीबाहेर प्रकट झाले. हवालदार कंबरेवर हात ठेवून बघत होते. मशीन घेऊन आलेल्या पोराला त्यांनी हातानेच थांबवलं.

“राहू दे. प्यालेल्याला हे जमणार नाही.”

ताम्हिणीत चहाला थांबलो. घाट ढगात बुडालेला, दोन्ही बाजूंनी धबधबे, टपऱ्यांवर भाजलेली कणसं आणि कांदाभजी. ज्यांच्या गाडीची चारी दारं उघडत होती ती माणसं भिजत, किंचाळत नाचत होती. आमच्या गाडीत उतरण्याचा क्रम ठरलेला होता: आधी मी, मग माझ्या मदतीने साडूभाऊ. त्या दिवशी त्यात भर पडली. सासूबाई माझ्या मागच्या सीटवर होत्या आणि त्यांचंही दार आतून उघडेना.

“संसर्ग,” साडूभाऊ म्हणाले. “एका दारावर ताण आला की दुसऱ्यावर येतोच. बघतो मी तेही.”

“नका बघू,” ताई आणि माझी बायको एका सुरात म्हणाल्या.

मी बाहेरून ओढलं तर ते मुकाट उघडलं. सासूबाई उतरल्या आणि कणीस होईपर्यंत माझ्याकडे फार प्रेमाने बघत होत्या. थोरल्या जावयाकडे बघत नव्हत्या.

परत निघालो तर प्रत्येक वळणावर साडूभाऊंच्या दारातून खळखळ आवाज. डावं वळण, खळखळ. उजवं वळण, खळखळ. आणि पॅडच्या खालून पाण्याची एक धार निघून त्यांच्या उजव्या चपलेत. आता, दारात पाणी जाणं यात काही गैर नाही. काचेच्या रबरापासून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतंच. ते खाली पडावं म्हणून तळाशी भोकं ठेवलेली असतात, आणि आतल्या बाजूला ते येऊ नये म्हणून पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद डांबरासारख्या चिकट गोंदाने लावलेला असतो. त्या कागदाचं काय झालं, ते ताईंनी सांगितलं: तो स्कूटरच्या सीटवर आहे. आणि भोकं?

“बुजवली,” साडूभाऊ म्हणाले. “एम-सील लावलं. उगाच आत ओल जाऊन गंज नको.”

ताम्हिणीच्या पावसाला कोंडून ठेवणारा पहिला माणूस म्हणून त्यांची नोंद व्हायला हरकत नव्हती. मी टपरीवरून घेतलेला वर्तमानपत्राचा कागद त्यांच्या चपलेखाली सरकवला. तो विळ्यापर्यंत टिकला.

निजामपूर मागे टाकून माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला लागलो आणि थांबलो. माणगावला सगळेच थांबतात. या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं; तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता स्वतः गाडी चालवत या रांगेत उभी असतात. पुढे ट्रक, मागे एसटी, वर पाऊस, आणि आमची लॉक खटाक-खटाक. तेवढ्यात माझ्या बायकोने, सकाळपासून कुणीच न काढलेला विषय काढला.

“भाऊजी, गाडीला आग-बिग लागली तर?”

कुणी उत्तर दिलं नाही. साडूभाऊंनी आरशात ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, “ते बघा, डावीकडे गॅरेज आहे.”

होतं. ‘सर्व प्रकारची लॉक व काचेची मशीन दुरुस्ती’ असं पत्र्यावर रंगवलेलं, आणि दाराशी एक मिस्त्री स्टुलावर बसून वडापाव खात होते. त्यांनी सावकाश वडापाव संपवला, हात पुसले, हँडल एकदा वर-खाली केलं आणि पहिला प्रश्न टाकला.

“आधी कुणी खोललेलं?”

“एकाने,” साडूभाऊ म्हणाले.

“शिकाऊ होता काय?”

“नाही. बराच अनुभवी होता.”

गाडीतल्या तिन्ही बायका एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या.

उतरण्याचा विधी पुन्हा पार पडला. मिस्त्री मात्र किडकिडीत. डावीकडून शिरून, गिअर, हँडब्रेक यांची दखलही न घेता ते पलीकडे पोचले. सीट मागे लोटली, दोन-तीन स्क्रू काढले आणि पॅडच्या कडेखाली बोटं घालून एक हिसका दिला. ते सुटून आलं. त्याला धरून ठेवायच्या क्लिपा पुण्यात सुपारीच्या डबीत होत्या. मिस्त्रींनी टॉर्च दातांत धरला, हात कोपरापर्यंत दाराच्या पोटात घातला, डोळे मिटले. आत काहीतरी चाचपडलं, आणि खट्.

दार उघडलं. त्याबरोबर ताम्हिणीचं उरलंसुरलं पाणी माणगावात सांडलं. सासूबाईंनी हात जोडले.

“लावू नका!” दाराकडे धावलेल्या साडूभाऊंवर मिस्त्री ओरडले.

इथे मी छत्री घेऊन जवळ गेलो, कारण आता बघण्यासारखं होतं. मिस्त्रींनी दार सताड उघडं ठेवलं आणि जाड स्क्रूड्रायव्हरची दांडी लॉकच्या तोंडात दाबली, खांबावरच्या कडीच्या जागी. पंजा फिरला. कट्. आणखी दाबलं. कट्. दोन टप्पे. “लॉक चांगलं आहे, काका. लॉकला काय पण नाय झालेलं.” मग बाहेरचं हँडल ओढलं. पंजा ढिम्म. बोट आत घालून त्यांनी एक बारीक सळई दाखवली. हँडलपासून लॉकपर्यंत जाणारी ती सळई टोकाला एका नखाएवढ्या प्लास्टिकच्या क्लिपने अडकवलेली असते. इथे क्लिप नव्हती. तांब्याच्या तारेचे वेढे होते, वर इन्सुलेशन टेप, आणि ते सगळं निसटून खाली लोंबत होतं.

आतल्या हँडलची गोष्ट वेगळीच. त्याला सळई नसून केबल होती, सायकलच्या ब्रेकची असते तशी: वर कव्हर, आत तार. “आतली तार खेचायची तर बाहेरचं कव्हर या खाचेत घट्ट बसलेलं पायजे,” मिस्त्री म्हणाले. “नायतर दोघं मिळून फिरायला जातात. लॉकपर्यंत कोण पोचतच नाय.” कव्हर खाचेबाहेर होतं. म्हणजे आतून ओढणारा आणि बाहेरून ओढणारा, दोघांचेही संबंध साडूभाऊंनी एकाच रविवारी तोडले होते. आणि दार धाडकन लावून त्यांनी त्या कामावर शिक्का मारला होता.

मिस्त्रींनी बरणीतून क्लिपा काढल्या. सळई अडकवली, केबल खाचेत दाबली, मोटरीच्या दांड्याचा स्क्रू ढिला करून तो थोडा सरकवला आणि पुन्हा आवळला. मग स्क्रूड्रायव्हरने पंजा लावायचा आणि सोडवायचा: बाहेरच्या हँडलने, आतल्या हँडलने, किल्लीने, बटणाने. दार तोवर उघडंच. चारी परीक्षा झाल्यावर त्यांनी ते हलकेच लावलं, उघडलं, लावलं.

“आधी उघडं ठेवून बघायचं, मग लावायचं,” ते साडूभाऊंना म्हणाले. “लावून बघितलं तर बघायला आत कोण जाणार?”

“तेच मी मघापासून म्हणतोय,” साडूभाऊ म्हणाले.

तळाची भोकं खिळ्याने मोकळी झाली. पॅडमागे नवं प्लास्टिक चिकटलं. पैसे किती झाले ते सांगत नाही. पुण्यात सांगितलेल्या रकमेपुढे ते इतके किरकोळ होते की साडूभाऊंनी घासाघीसही केली नाही. त्यांनी फक्त उरलेल्या मूठभर क्लिपा मागून घेतल्या. ताईंनी त्या त्यांच्या हातातून घेऊन मिस्त्रींना परत दिल्या.

“आजींचं मागचं पण बघू काय? उघडत नाय म्हणाल्या.”

मिस्त्री सासूबाईंच्या दारापाशी गेले. ते बाहेरून उघडलं आणि त्याच्या कडेला, लॉकच्या जरा खाली, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक बारीकसा खटका सरकवला. झालं.

“काय होतं?” ताईंनी विचारलं.

“चाइल्ड लॉक लावलेलं. बाहेरून उघडतं, आतून नाय. पोरं असली की लावतात.” त्यांनी वाकून गाडीत नजर फिरवली. “पोरं कुठायत?”

गाडीतलं सर्वांत धाकटं पोर म्हणजे माझी बायको. तिचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे.

“कामाच्या ओघात हात लागला असेल,” साडूभाऊ म्हणाले.

“तुम्ही तर ड्रायव्हरचं दार दुरुस्त करत होता,” सासूबाई म्हणाल्या.

“हो, पण आरशात बघितल्यासारखं—”

“जावईबापू,” सासूबाई मला म्हणाल्या, “तुम्ही मागे बसा.”

त्या पुढे बसल्या. साडूभाऊ उजव्या दाराने, माणसासारखे आत आले. लोणेऱ्याला आम्ही उजवीकडे गोरेगावच्या रस्त्याला लागलो. तिथल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या पाटीकडे त्यांनी जरा रेंगाळून पाहिलं, तेवढंच. सेंट्रल लॉकिंग गप्प होतं. आम्हीही. आंबेतच्या पुलावर सासूबाईंनी काच खाली केली, खाली सावित्रीचा लाल गढूळ लोंढा बघितला आणि समोर नजर ठेवून म्हणाल्या, “केळशीला माझ्या माहेरच्या पुढच्या दाराचा अडसर नीट बसत नाही. माझ्या आजोबांपासून बसत नाही. त्याला हात लावायचा नाही.”